भिजत घातलेलं पॉपलीन

शनिवारी रात्री तीन मीटर निळं पॉपलीन न्हाणीघरातल्या बादलीत बुडवून ठेवलं आणि झोपलो. रविवारी सकाळी आंघोळीला गेलेली मुलगी आतूनच ओरडली, "बाबा, तुमचं भिजत घोंगडं आधी बाहेर काढा!"

बारावीतल्या मुलीच्या तोंडी हा वाक्प्रचार ऐकून मराठीच्या भवितव्याबद्दल बरं वाटलं. बाकी बरं वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण ती म्हणाली ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. बादलीतलं कापड एका रात्रीचंच होतं, पण पुढं काय शिवायचं हा प्रश्न गणपतीपासून भिजत पडला होता आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

मी शिवायला शिकतोय. वय ५२, नोकरी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात, हिशेबाच्या टेबलावर. गेल्या वर्षी एका पॅन्टची शिवण उसवली, ती शिंप्याकडं टाकली. तो म्हणाला, बुधवारी या. तीन बुधवार गेलो. चौथ्या बुधवारी पॅन्ट तशीच परत घेतली आणि त्याच रागात परतीच्या वाटेवरच्या शिवणवर्गात नाव घालून आलो. राग संध्याकाळपर्यंत उतरला, पण फी परत मिळणार नव्हती.

वर्गात चौदाजणी आणि मी. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "मिसेस नाही आल्या?" मीच शिकणार म्हटल्यावर त्यांनी क्षणभर माझ्या हातांकडं पाहिलं आणि वहीत नाव लिहून घेतलं. मुली मला काका म्हणायच्या, बाई सर म्हणायच्या. गंमत बघा, पेठेतला शिंपी पुरुष, लग्नाचे कोट शिवणारा मास्टर पुरुष. संत नामदेव तर शिंपीच. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची जी पदं आहेत त्यातल्या एकात त्यांनी मनाला कापड मोजायचा गज केलंय आणि जिभेला कात्री. पण घरात मशीनवर बसलेला पुरुष खिडकीतून दिसला की शेजारच्या काकू हिला विचारतात, "बरी आहेस ना गं?"

मशीन जुनं घेतलं, पायाचं, काळ्या डोक्याचं. वर्गात पहिले आठ दिवस दोरा लावायलाच मनाई होती. रेघांच्या वहीचं पान सुईखाली धरायचं आणि नुसत्या सुईनं रेघेवरून मशीन चालवायचं. सोपं वाटतं. पायडलचा ताल जरा चुकला की चाक उलटं फिरतं आणि आधीच्याच भोकांवर भोकं पडतात. माझ्या पहिल्या पानाला उंदीर लागल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या मुलीचं पान मात्र पोस्टाच्या तिकिटासारखं, फाडलं तर सरळ फाटेल असं.

दोरा ओवायला मिळाला तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. हातसुईला नेढं शेपटीला असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. ५२ वर्षांत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अमेरिकेत इलायस हाव यांनी १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याच्या मुळाशी हीच युक्ती होती: नेढं टोकाशी आणि खालून दुसरा दोरा. मशीनची सुई कापडातून आरपार जातच नाही. खाली बुडी मारते आणि वर येताना दोऱ्याचा एक छोटा फास मागं सोडते. शटल तो फास पकडून बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती फिरवतं, वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात, टाका पडतो. हे कळलं आणि महिनाभराचं एक दुखणं गेलं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी व्हायची तेव्हा मी मुकाट्यानं बॉबिन बदलत बसायचो. बाईंनी एकदा मागून येऊन, काही न बोलता, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवला. जाळी बंद. घाण खाली दिसते आणि खोट बहुतेक वेळा वर असते. हे वाक्य ऑफिसात कुणाला ऐकवायची माझी हिंमत झालेली नाही.

आजवरचं माझं उत्पादन असं: जुन्या जीनच्या चार बाजारपिशव्या, सहा अभ्रे, बायकोचा एक परकर आणि एक पायजमा. पिशव्या उत्तम. अभ्रे ठीक. परकर तिनं फक्त घरात नेसण्याच्या अटीवर स्वीकारला. पायजम्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी निवड त्या पायजम्यावरून झाली.

कापड छापील होतं, म्हणजे सुलटीकडं रंग आणि उलटीकडं फिकट. बाईंनी सांगितलं होतं, कापड दुहेरी घाला, सुलट्यावर सुलटं, आणि दोन्ही पाय एकदम कापा. मी हिशेबनीस. दुहेरी घालून पाहिलं तर एका बाजूनं सहा इंच कापड वाया जात होतं. मग एकेरी पसरलं, कागदाचा नमुना एकदा ठेवून कापलं, तोच उचलून पुढं ठेवला, पुन्हा कापलं. सहा इंच वाचले. आता पायजम्याला पुढचं आसन आखूड असतं आणि मागचं खोल, आणि डावा पाय हा उजव्या पायाचा आरसा असतो. मी आरसा न करता नक्कल केली होती. आसनं जोडायला घेतली तेव्हा लक्षात आलं, दोन्ही पाय डावे. साधं पॉपलीन असतं तर एक पाय उलटा करून भागलं असतं. त्याला उलटं-सुलटं काही नसतं. छापील कापडानं माफ केलं नाही. तरी शिवला. एक पाय रंगीत, एक पाय विटका. मुलगी म्हणाली, "अर्धाच धुतला का?" मी अजून घालतो. सहा इंच कापड वाचलंय ते कपाटात आहे.

शिकाऊ माणसाचं कपाट हा एक वेगळाच विषय आहे. शिवण एवढंसं येतं आणि कापडं गाठोडंभर साठतात. माझ्याकडं दोन मीटर कलमकारी आहे, प्रदर्शनातून आणलेलं. सेलमधलं कॉर्डरॉय आहे, ज्याचं काय करायचं याची मला तेव्हाही कल्पना नव्हती. मेहुणीनं बागलकोटकडून येताना आणलेला गुळेदगुडचा खण आहे, तो तिनं बहिणीसाठी आणला होता, मी "पर्स शिवून देतो" म्हणून ताब्यात घेतला. दुकानात ठाण उलगडलं की आपल्याला त्याचा पूर्ण कपडाच दिसतो. मधली कापणी, टीप, उसवणं यातलं काही दिसत नाही. आपल्या भाषेत कापड 'बेततात' आणि स्वयंपाकाचाही 'बेत' करतात. बेत आधी आणि बाजार नंतर, हे स्वयंपाकात मला पटतं. कापडात मी आधी बाजार केला, आणि पायजम्याच्या वेळी ते माझ्या अब्रूवर बेतलं.

म्हणून गणपतीनंतर वही काढली आणि खतावणी घातली. एका रकान्यात कपडा, दुसऱ्यात लागणारं कापड, तिसऱ्यात खर्च, चौथ्यात 'बिघडलं तर नुकसान'. नोंदी पाच. नेहरू शर्ट, निळ्या पॉपलीनचा, माझा. खणाची पर्स. कलमकारीचा मुलीसाठी टॉप. गोधडी. आणि झबलं, कारण माझ्या भाचीला, म्हणजे कराडच्या ताईच्या मुलीला, आठवा महिना लागला होता. सहावी नोंद ब्लाऊजची होती, ती बायकोनं स्वतःच्या हातानं खोडली.

वही घेऊन बाईंकडं गेलो. त्या इंटरलॉकवर कुणाच्या तरी ड्रेसच्या कडा मारत होत्या. एका हातानं वही धरून त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "सर, हे सगळं ठीक आहे. पण यात नवीन किती ते कुठं लिहिलंय?"

"म्हणजे?"

"नेहरू शर्टात तुम्हाला न येणाऱ्या किती गोष्टी आहेत?"

मी मोजायला लागलो. गळपट्टी. पुढची बटणपट्टी. काजं. बाही मुंढ्याला बसवणं. बगलेतली कळी. बाजूचा खिसा. खालचे कट. सात.

"सात. आणि अभ्र्यानंतर पायजम्यात किती होत्या?"

आसन आणि नाडीचा नेफा. नेफा परकरात झाला होता, म्हणजे एकच.

"एक होती तरी दोन डावे पाय झाले," बाई म्हणाल्या. आवाजात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. "एका वेळी एकच नवी घ्या. दोन घेतल्या आणि बिघडलं, तर कुठल्या एकीमुळं बिघडलं ते समजत नाही."

हे मात्र मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तेरजेत, म्हणजे जमाखर्चाच्या ताळ्यात, एक चूक असेल तर रक्कम जुळत नाही आणि माणूस शोधत बसतो. दोन चुका असल्या की कधीकधी त्या एकमेकींना झाकतात आणि तेरीज छान जुळते. असले जुळलेले हिशेब मी पाहिलेत. माझ्या पहिल्या अभ्र्यात कापड वाकडं कापलं होतं आणि टीपही वाकडी होती, त्यामुळं अभ्रा चौकोनी दिसायचा. धुतल्यावर उघडा पडला.

घरी येऊन वहीत पाचवा रकाना आखला: नवीन. पर्सला चेन आणि अस्तर, दोन. मुलीच्या टॉपला निदान चार, शिवाय मुलगी. गोधडीला शून्य, नुसता धावदोरा, पण हजारो टाके, आणि माझ्या धीराचा मला भरवसा नाही. झबल्याला एक: गळ्याची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी. बांधायचे बंद म्हणजे पिशवीच्या बंदांचीच धाकटी भावंडं, ते येतात. बाही वेगळी बसवायचीच नाही, अंगाबरोबरच कापायची. वीतभर कपडा, अर्धा मीटर कापड, एक नवी गोष्ट. मला वाटलं, निकाल लागला.

बाईंनी फोनवर तोही टिकू दिला नाही. "लहान कपडा सोपा नसतो हो. मोठ्या घेरात अर्धा इंच चुकलं तर कोण बघतंय? बाळाच्या गळ्यात अर्धा इंच म्हणजे तो गळाच राहत नाही. करा, पण आधी चिंध्यांवर पाच गळे करा."

या सगळ्यात पॉपलीन बादलीत कसं गेलं? तर निर्णय झबल्याचा झाला तरी मन नेहरू शर्टातच होतं. शिवायला नाही तर नाही, निदान तयारी तरी करून ठेवू. खरं सांगायचं तर तयारीत एक सुख असतं, बिघडायचं भय नसलेलं.

कापड मोती चौकाजवळ घेतलं होतं, ३६ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं. दुकानदारानं गजाऐवजी टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पट्टीवर तीन मीटर मोजलं, काठाला कात्रीनं बोटभर चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. लहानपणी मला ते निष्काळजीपणाचं वाटायचं. आता कळतं की सुती कापड फाडलं की ते आडव्या धाग्यालाच धरून फाटतं. कात्री वाकडी जाईल, फाट जात नाही. फाडलेली कड उभ्या काठाशी बरोबर काटकोनात येते, आणि तिथून पुढं सगळं मोजता येतं. ज्या कापडाची कड कापलेली असते तिथं मी आता एक आडवा धागा सुईनं उचलून हळूहळू ओढतो. धागा निघून जातो, त्याच्या जागी केसासारखी रेघ राहते, त्या रेघेवरून कापायचं. दहा मिनिटं जातात, आणि धागा मधेच तुटला तर पंधरा.

भिजवण्यापूर्वी मोजलं: ११८ इंच. भिजवून, न पिळता दोरीवर टाकून, किंचित दमट असताना इस्त्री करून पुन्हा मोजलं: साडेअकरा कमी, असं मी आधी वाचलं आणि हबकलो. टेप उलटा धरला होता. साडेतीन इंच कमी. तरीही साडेतीन इंच म्हणजे भिजवायच्या आधी शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात गुडघ्याकडून वर सरकायला लागला असता. विणताना आणि नंतर गिरणीत कापड ओढून, ताणून काढलेलं असतं. पाणी मिळालं की सूत फुगतं, ताण सुटतो, कापड आपल्या मूळच्या मापाला येतं. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच आधी आटवून घ्यायची रीत काढली; 'सॅन्फोराइज्ड' हा काठावरचा शिक्का आमच्या पिढीनं पाहिलाय. मला बरीच वर्षं ते गिरणीचं नाव वाटायचं.

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. ती खळ. नवं कापड हाताला करकरीत, भारदस्त लागतं त्यातलं बरंचसं ह्या पाण्याबरोबर मोरीत जातं. खळ गेलेलं पॉपलीन हातात घेतलं तर जरा बापुडवाणंच वाटलं, पण आता ते खरं काय आहे ते दिसत होतं. रंग जाऊ नये म्हणून मूठभर मीठ टाक, असं बायकोनं सांगितलं होतं, टाकलं. मिठानं काही थांबतं असं माझ्या पाहण्यात नाही. जाणारा रंग जातोच. पण घरात काही गोष्टी मीठ टाकून मिटतात.

त्याच रविवारी मशीनही उघडलं. कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली बोटभर जाड कापसाची गादी साठली होती, चार पिशव्यांची आणि सहा अभ्र्यांची. जुन्या दात घासायच्या ब्रशनं ती काढली, तेलाचे थेंब सोडले, रिकामं चालवलं, आणि तेलाचा डाग नव्या कापडाला लागू नये म्हणून चिंधीवर टीप मारली. सुई बदलली. हे लिहायला लाज वाटते, पण मी वर्षभर एकाच १६ नंबरच्या सुईवर सगळं शिवलं. जीनच्या पिशवीसाठी लावली ती तशीच. सुई बोथट झाली की मशीन ठुक-ठुक असा आवाज करतं, ते मला मशीनचं वय वाटत होतं. पॉपलीनला १४, मऊ झिरझिरीत कापडाला ११. दुकानदारानं पाकीट दिलं तेव्हा किंमत ऐकून स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ताईचा फोन. मी उत्साहात सांगून टाकलं की झबलं ठरलं, उद्या पांढरं कॅम्ब्रिक आणतो.

"नवं?" ताईचा आवाज चढला. "अरे, बाळ व्हायच्या आधी नवं शिवतात का? काही रीत आहे की नाही?"

"मग?"

"जुन्याचं शिव. बारशापर्यंत जुनंच घालायचं. बारशाला काय नवं घालायचं ते बघू नंतर."

मी वाद घालणार होतो. रीतीभातींशी माझं फारसं जमत नाही आणि जन्माआधी कापड आणलं म्हणून काही घडतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण फोन ठेवल्यावर विचार करत बसलो, आणि हिशेबानं ताई बरोबर निघाली. जुनी सुती साडी म्हणजे शेकडो वेळा भिजवलेलं, आटायचं तेवढं आटलेलं, खळ केव्हाच गेलेलं, रंग सोडायचा तेवढा सोडून मोकळं झालेलं कापड. मी शनिवार-रविवार बादलीत जे करत होतो ते आईनं वीस-पंचवीस वर्षं दगडावर आपटून केलं होतं.

आई आमच्याकडंच असते. वय ८१. तिला विचारलं तर ती उठून आपल्या ट्रंकेकडं गेली आणि एक बारीक चौकड्यांची सुती साडी काढून आणली. मूळ रंग कुठला ते काठ सांगतो, बाकी सगळं राखाडी. मी ती पसरून मधोमध नमुना ठेवणार, तेवढ्यात तिनं हात धरला.

"तिथलं नको. ते बसून बसून विरलंय."

मग तिनं मला साडी वाचायला शिकवलं. दुसरा शब्द नाही. उजेडाकडं धरायची, दोन अंगठ्यांमध्ये ताणायची. मधला भाग जिथं बसण्यात येतो तिथं धागे सरकून खिडक्या पडतात. खालचा काठ टाचेखाली येऊन कातरतो. पदराचं टोक ठीक असतं. आणि सगळ्यात शाबूत असतं ते नेसताना पहिल्यांदा कमरेला खोचलेलं टोक, ज्याला ना ऊन लागलं ना घासणी. "म्हणून तर दंड घालायचो," आई म्हणाली. मधलं विरलेलं कापून टाकायचं, किंवा साडी मधून तोडून धड टोकं आतल्या बाजूला आणून जोडायची. ती जोडशिवण म्हणजे दंड. दंड घातलेलं लुगडं नेसणं म्हणजे हलाखी, असंच मी ऐकत आलो होतो. शिवण म्हणून त्याकडं कधी पाहिलं नव्हतं. सहावार-नऊवार लांबीची शिवण, दोन्ही कडा आत दुमडून, अंगाला न टोचणारी, हातानं, दिव्याखाली. माझ्या वहीत तिला 'नवीन' या रकान्यात किती लिहायचे?

"सहावार-नऊवार कसली," आई म्हणाली, "पन्ह्याएवढी. आडवी तोडायची ना साडी." हिशेबनिसाची पुन्हा चूक.

खोचायच्या टोकाचं दीड हात कापड तिनं स्वतः फाडून दिलं. टर्रकन नाही, जुनं कापड हळू आवाजात फाटतं.

उरलेल्या विरलेल्या भागावर मी गळे करायला बसलो. गळ्याची वळणदार कड झाकायची तर सरळ पट्टी चालत नाही. ती वळणावर चुण्या घालते. पट्टी उरेब कापावी लागते, म्हणजे कापडाचा कोपरा तिरका दुमडून, उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या बरोबर मधून. का, ते बघायला साधा हातरुमाल पुरे. काठाच्या दिशेनं ओढा, हलत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढा, लांबतो, रबरासारखा. धागा ताणला जात नाही, विणीचे चौकोन कलंडून शंकरपाळे होतात. म्हणून उरेब पट्टी वळणाबरोबर वळते. आणि म्हणूनच नवशिक्याचा घातही करते, कारण शिवताना हात जरा ओढतो, पट्टी लांबते, आणि सोडल्यावर आखडून सगळा गळा गोळा होतो.

पहिला गळा असाच गोळा झाला. दुसऱ्याला मी अजिबात ओढली नाही, तर पट्टी कानासारखी बाहेर उभी राहिली. तिसऱ्याला टाचण्या लावल्या, मग कच्चा टाका घातला, मग टीप. तो बरा झाला, फक्त पट्टी उलट्या बाजूला दुमडायच्या ऐवजी सुलटीला दुमडली. चौथ्याला आई शेजारी येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "वळणावर बारीक कातर मार." टिपेपर्यंत न पोचणाऱ्या, गव्हाएवढ्या चिरा. गळा पाटासारखा सपाट बसला. हे बाईंनी शिकवलं होतं, वहीत लिहिलेलंही आहे.

पाचवा केला नाही. सरळ झबल्यालाच हात घातला. ११ नंबरची सुई, पांढरा दोरा, टाका बारीक. बाजूच्या शिवणी आईच्या सांगण्यावरून बाहेरच्या अंगाला ठेवल्या. बाळाच्या कातडीला आतली शिवण रुतते. त्यामुळं ते उलटं घातल्यासारखं दिसतं. मागून उघडं, दोन ठिकाणी बंद. रात्री साडेदहाला शेवटची टीप मारली, उलटी टीप घेऊन दोरा तोडला. निळं पॉपलीन शेजारच्या खुर्चीवर घडी घालून पडलं होतं, इस्त्री केलेलं, सरळ कडेचं, ११४ पूर्णांक एक द्वितीयांश इंच. त्याच्याकडं बघायला तेवढ्यात तरी सवड नव्हती.

आता हे बसतं का कुणाला, ते बघायचं कसं? घरात त्या मापाचं कुणी नाही. मुलीनं एक जुनी बाहुली शोधून आणली, ती फारच बारीक निघाली. आई उठली, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि त्याच्या गळ्याभोवती झबलं घालून मागून दोन्ही बंद बांधले. खण नेसवलेल्या कलशासारखा तो तांब्या झबलं घालून आमच्या चौघांच्या मध्ये उभा राहिला. आई मान तिरकी करून बघत राहिली.

"डावी बाही लांब आहे," ती म्हणाली.

मी टेप लावला. पाव इंच.

"राहू दे," मुलगी म्हणाली. "बाबांचं डावीकडंच जास्त असतं."